घोड्याची चंदी

माथेरानच्या दस्तुरी नाक्यापाशीं मोटारी थांबतात. तेथून पुढें खासगी मोटारींना मज्जाव असल्यामुळें शहरांतून आलेलीं अनेक कुटुंबें घोड्यावर बसतात. रपेट संपली म्हणजे मुलांना घोड्याचें कौतुक वाटूं लागतें. पिशवींतील बिस्किटें, पावाचे तुकडे, चिक्की त्याच्या तोंडापुढें धरली जाते. घोडा तें खातो, मुलें हंसतात, आणि पाहुण्यांच्या भिडेस्तव अश्वपालहि पुष्कळदां गप्प राहतो. दिवसाकांठीं अशीं दहा कुटुंबें येऊन गेलीं, म्हणजे त्या लहानशा तट्टाच्या पोटांत काय काय गेलें याचा हिशेब कोणाजवळच नसतो.

घोड्याला खाऊं घालण्यासंबंधीं शहरी घरांतून जी कल्पना आढळते ती दोन शब्दांत सांगतां येईल: हरभरा आणि गूळ. घोड्याचा दम हरभऱ्यांत असतो, आणि घोडा उतरला कीं त्याचा तोबरा वाढवावा, असा समज पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. या समजांत अर्धें सत्य आहे. राहिलेल्या अर्ध्या भागानें मात्र आजवर पुष्कळ चांगलीं जनावरें दगावलीं आहेत, आणि तीं बहुधा प्रेम करणाऱ्या माणसांच्या हातून दगावलीं आहेत.

मराठींत घोड्याच्या अन्नासाठीं दोन वेगळे शब्द आहेत. धान्य ती चंदी. गवत आणि चारा ती वैरण. हा भेद शास्त्राच्या दृष्टीनेंहि बरोबर आहे. वैरण हें घोड्याचें जेवण होय. चंदी ही त्याच्या कामाची मजुरी. काम वाढेल तशी ती वाढवावयाची आणि काम थांबतांच कमी करावयाची असते. असें कां, हें समजण्यासाठीं घोड्याच्या पोटाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

घोडा गवत खातो, पण तो गाईसारखा रवंथ करणारा प्राणी नाहीं. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. तिनें गिळलेला चारा प्रथम मोठ्या कप्प्यांत आंबतो, तेथील सूक्ष्म जंतु त्यांतील तंतु फोडतात, आणि मग तो पुढें सरकतो. घोड्यांत हाच कारखाना अगदीं शेवटीं, मोठ्या आंतड्यांत मांडलेला आहे. त्याच्या आधीं लहान आंतडें येतें. धान्यांतील पिष्ट तेथें पचावयाचें असतें. त्याच्याहि आधीं येणारें जठर देहमानानें फारच लहान असतें. ५०० किलो वजनाच्या घोड्याच्या जठरांत ८ ते १५ लिटरच काय तें मावतें. एवढें मोठें जनावर एवढ्या लहान थैलीवर जगतें, याचें कारण निसर्गानें त्याला दोन वेळां पोटभर जेवण्यासाठीं घडविलेलेंच नाहीं. मोकळा सोडलेला घोडा दिवसरात्रींत मिळून चौदा-सोळा तास चरतो. घांस लहान, पण खाणें अखंड.

जठरांत आम्लहि अहोरात्र झरत असतें. त्यावर उतारा लाळेचा, आणि घोड्याची लाळ चावतांनाच सुटते. किलोभर वाळलेलें गवत चावावयास त्याला सुमारें ४० मिनिटें लागतात. तेवढेंच ओट धान्य तो दहा मिनिटांत संपवितो. म्हणजे धान्यावर पोसलेला घोडा चावतो थोडें, त्याला लाळ सुटते थोडी, आणि उरलेला सारा वेळ रिकाम्या जठरांत आम्ल सांठत राहतें. शर्यतीच्या तालमींतील बहुसंख्य घोड्यांच्या जठरांत व्रण सांपडतात. गवत कमी, धान्य जास्त आणि त्यावर भरधाव दौड, हीं त्याचीं कारणें होत.

याहून मोठा धोका पुढें आहे. एका वेळीं फार धान्य घातलें तर लहान आंतड्याला तें सारें पचवितां येत नाहीं, आणि न पचलेलें पिष्ट मोठ्या आंतड्यांत उतरतें. तेथील जंतु गवतावर काम करणारे. त्यांच्यांत पिष्टावर माजणारे दुसरे जंतु शिरजोर होतात, आंबवण बिघडतें, आम्ल वाढतें आणि विषारी द्रव्यें रक्तांत उतरतात. मग पोटशूळ उठतो. घोड्याला ओकतां येत नाहीं. तेव्हां जें आंत गेलें त्याला परतीची वाट नसते. पोटशुळांतून जनावर वांचलेंच तर कित्येकदां पायांवर बेततें. खुराच्या आंत, हाड आणि नखाचें कवच यांना जोडणारे नाजूक पदर असतात. ते सुजतात, सुटूं लागतात, आणि घोडा पाय टेकीनासा होतो. रात्रीं कोठीचें दार उघडें राहिलें, घोडा आंत शिरला आणि त्यानें मनसोक्त धान्य खाल्लें, तर एकदोन दिवसांनीं जें दिसतें तें हेंच. वरवर पाहतां दुखणें पायाचें, पण त्याचें मूळ कोठींत असतें.

म्हणून हिशेब वैरणीपासून सुरू करावा. घोड्याच्या वजनाच्या शेंकडा दोन इतका कोरडा चारा ही सर्वसाधारण रोजची मात्रा होय. शेंकडा दीडच्या खालीं सहसा जाऊं नये. ३०० किलोच्या तट्टाला ६ किलो वाळलेलें गवत, आणि कितीहि ओढाताण असली तरी साडेचार किलो. हिरव्या गवतांत तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असूं शकतें. तेव्हां तेंच पोषण हिरव्या गवतांतून द्यावयाचें तर वजन चौपट-पांचपट लागतें. हिरवा भारा डोळ्यांना भरपूर दिसतो, पण घोडा अर्धपोटी राहतो.

घोड्याचें वजन काढावयास कांटा लागत नाहीं. शिवणकामाची फीत पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरांत मोजावा. खांद्याच्या टोंकापासून ढुंगणाच्या टोंकापर्यंत लांबी मोजावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीनें गुणावें आणि ११,८८० नें भागावें. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर उत्तर सुमारें ३०० किलो येतें. पांचदहा किलोंचा फरक पडेल, परंतु नुसत्या अंदाजापेक्षां हें पुष्कळ बरें.

वैरणीची प्रत हा या विषयांतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. चंदीच्या दाण्याला किडा लागला तर मालक बोंब मारतो. बुरशी आलेलें गवत मात्र तसेंच पुढें टाकलें जातें. त्या बुरशीची धूळ फुप्फुसांत जाऊन घोड्याला दम्यासारखा विकार जडतो. कोंकणांत आणि घाटमाथ्यावर पावसाळा संपल्यावर कापलेलें गवत पुढच्या पावसाळ्यांत कोरडें ठेवणें हें मोठेंच काम असतें, आणि तें आजचें नाहीं. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या काडीला हात लावूं नये या आज्ञेसाठीं त्याची आठवण नेहमीं काढली जाते. परंतु त्याच पत्रांत घोड्यांच्या दाण्या-गवताचाहि बारकाईनें विचार आहे. सांठा आहे तोंवर उधळून खाऊं घालाल तर ऐन पावसाळ्यांत कांहीं उरणार नाहीं आणि घोडीं मरूं लागतील, असा इशारा त्यांत आहे. जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत काळजी त्यांत वाहिली आहे. सबंध हंगामाची वैरण आधीं मोजून मग रोजची मात्रा ठरवावयाची, ही दृष्टि आजच्या तबेल्यांतहि दुर्मिळ आहे.

आतां कामाचा विचार. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन मंडळानें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें ५०० किलोच्या, कांहीं काम न करणाऱ्या घोड्याला रोज सुमारें १६,७०० किलोकॅलरी लागतात. हलक्या कामास २०,०००, मध्यम कामास २३,३००, जड कामास २६,६००, आणि शर्यतीच्या कसून तालमींत ३४,५००. बऱ्या प्रतीच्या वाळलेल्या गवतांत किलोमागें १,८०० किलोकॅलरी धरल्या, तर १० किलो गवतांतूनच १८,००० मिळतात. म्हणजे बसून असलेल्या घोड्याला चंदीची गरजच नाहीं. त्याला चांगलें गवत, पाणी, मीठ आणि थोडीं खनिजें पुरतात. हलकें काम करणाऱ्याला त्यावर किलोभर ओट भरपूर झाले. शर्यतीचा घोडा मात्र एवढें गवत खाऊं शकत नाहीं. त्याला आठ किलो गवतावर सहा-सात किलो धान्य लागतें, आणि तें तीन-चार वेळां विभागून द्यावें लागतें. एका खेपेस वजनाच्या दर १०० किलोंमागें अर्ध्या किलोहून अधिक धान्य घालूं नये, असा ढोबळ नियम आहे. कांहीं ठिकाणीं धान्याचा एक भाग काढून त्याऐवजीं खाद्य तेल देतात. तेलांत तितक्याच वजनाच्या पिष्टाच्या दुपटीहून अधिक शक्ति असते, आणि मोठ्या आंतड्यांत गोंधळ होण्याचें भय कमी.

येथें एक अडचण अशी कीं, आपला घोडा हलकें काम करतो हें कोणत्याहि मालकाला कबूल करवत नाहीं. आठवड्यांतून तीन तास, तेंहि बहुतेक चालीनें आणि दुडक्या चालीनें, हें कोष्टकाच्या भाषेंत हलकेंच काम. शहरांतील घोडेस्वारीच्या शाळांतले बरेचसे घोडे याच वर्गांत मोडतात. त्यांना शर्यतीच्या घोड्याची चंदी घातली म्हणजे ते अंगावर मांस आणतात, खोड्या करूं लागतात, आणि मग घोडा द्वाड आहे अशी तक्रार होते.

काम आणि चंदी यांची फारकत झाली म्हणजे काय होतें याचें जुनें उदाहरण युरोपांतील शहरांत मिळतें. एकोणिसाव्या शतकांत तेथें गाड्या ओढणारे घोडे आठवडाभर राबत आणि रविवारीं तबेल्यांत उभे राहत. चंदी मात्र रविवारींहि पूर्ण मिळे. सोमवारीं सकाळीं गाडीला जुंपल्यावर थोड्याच अंतरावर एखाद्या धष्टपुष्ट घोड्याला दरदरून घाम फुटे, पुठ्ठ्याचे स्नायु दगडासारखे कठीण होत, पाऊल उचलेनासें होई, आणि लघवी कॉफीच्या रंगाची येई. स्नायु फुटून त्यांतील रंगद्रव्य मूत्रांत उतरल्याचें तें लक्षण. या दुखण्याला सोमवारचा रोग असेंच नांव पडलें. कांहीं वंशांत त्याची आनुवंशिक प्रवृत्ति असते हें आतां कळलें आहे. पण टाळण्याचा मार्ग जुनाच आहे. विश्रांतीच्या आदल्या संध्याकाळीं चंदी निम्म्यावर आणावी, विश्रांतीच्या दिवशीं त्याहून कमी करावी, आणि गवत वाढवावें. थंड हवेच्या ठिकाणीं घोड्यांचें काम शनिवार-रविवारीं उसळतें आणि ऐन पावसांत जवळजवळ थांबतें. तेथें हा हिशेब सोमवारचाच काय, सबंध वर्षाचाच ठेवावा लागतो.

चंदी कशाची, हा प्रश्न त्या मानानें सोपा आहे. ओटांना टरफल असल्यामुळें त्यांत तंतु अधिक, म्हणून चुकीला थोडी जागा राहते. जवाचा दाणा कठीण. तो भरडून किंवा उकडून द्यावा. मका सर्वांत जड. मोतद्दार बहुधा डब्यानें माप घेतो, आणि डबाभर ओटांऐवजीं डबाभर मका घातला कीं घोड्याला जवळजवळ दुप्पट शक्ति मिळते. डब्याचें माप धान्य बदलतांच खोटें ठरतें, म्हणून धान्य वजनानेंच द्यावें. हरभऱ्यांत सुमारें पंचमांश प्रथिनें असतात. प्रौढ घोड्याला तितक्यांची गरज नसते. जास्तीचीं प्रथिनें तो जाळून टाकतो, पाणी जास्त पितो, आणि तबेल्यांत लघवीचा उग्र वास सुटतो. मूठ-दोन मुठी भिजविलेला हरभरा कोणाला बाधत नाहीं. पण सारी चंदी हरभऱ्याचीच करणें म्हणजे पैसे देऊन वास विकत घेणें होय.

हरभरा खरा शोभतो तो वाढत्या वयांत. शिंगरूं जन्मतें तेव्हां त्याच्या रक्तांत रोगाशीं झुंजण्याचें बळ नसतें; तें त्याला घोडीच्या चिकांतून मिळतें, आणि तो चीक पहिल्या सहा ते बारा तासांतच चांगला पोटांतून रक्तांत शिरतो. दिवस उलटला कीं ती संधि गेली. पुढचे दोन-तीन महिने दूधच त्याचें अन्न. घोडी रोज आपल्या वजनाच्या शेंकडा तीन इतकें दूध देते, म्हणजे ५०० किलोची घोडी १५ लिटर. यासाठीं तिला ३१,७०० किलोकॅलरी लागतात. अंगणांत शांतपणें शिंगराला पाजणारी घोडी अशा रीतीनें शर्यतीच्या घोड्याच्या पंक्तीला येऊन बसते, आणि तिची पात्र वाढतांना हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. गाभणपणाच्या अकरा महिन्यांपैकीं शेवटच्या तिनांत गर्भ झपाट्यानें वाढतो. तेथूनच तिची चंदी हळूहळू चढवावी.

शिंगरूं चार ते सहा महिन्यांचें झालें म्हणजे दूध तोडतात. सहाव्या महिन्यांत त्याचें वजन प्रौढ वजनाच्या निम्म्याजवळ येतें, आणि वर्षाचें होतांना उंची दहापैकीं नऊ हिस्से झालेली असते. हीं सारीं हाडें वर्षभरांत घडावयाचीं. या वयांत चौदा ते सोळा टक्के प्रथिनांचें अन्न लागतें, आणि प्रथिनांतील लायसिन नांवाचा घटक, जो ओटांत कमी आणि हरभरा-सोयाबीनमध्यें भरपूर असतो, तो मिळाला नाहीं तर वाढ खुंटते. उलट, शिंगरूं लवकर मोठें दिसावें म्हणून धान्य कोंबलें तर वजन पुढें जातें आणि सांधे मागें राहतात. लिलावांत गुबगुबीत शिंगराला किंमत येते, तें दोन वर्षांनीं लंगडूं लागतें. खरेदी करणाऱ्यानें तेवढें पाहावें.

हाडांचा दुसरा शत्रु म्हणजे कोंडा. गव्हाचा कोंडा हलका, स्वस्त आणि पथ्याचा मानला जातो. पण त्यांत स्फुरद चुन्याच्या जवळजवळ दसपट असतें, आणि घोड्याच्या अन्नांत चुना स्फुरदाहून अधिक, शक्यतों दीडपट ते दुप्पट असावा लागतो. चुना कमी पडला कीं शरीर तो हाडांतून काढून घेतें; हाडें पोकळ होतात आणि जबड्याचीं व तोंडाचीं हाडें फुगून येतात. घरचा कोंडा घालणाऱ्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांत हा रोग फार दिसे, म्हणून इंग्रजींत त्याला गिरणीवाल्याचा रोग म्हणत. हत्तीगवतासारख्या कांहीं उष्ण प्रदेशांतील गवतांतील ऑक्झलेटहि चुना अडवून धरतें. यावर महाराष्ट्रांत सहज मिळणारा उपाय लसूणघास हा आहे. त्यांत चुना भरपूर, प्रथिनेंहि चांगलीं. रोजच्या वैरणींत तिचा थोडा भाग असला कीं कोंड्याचें पाप पुष्कळ धुऊन निघतें.

वीस वर्षांवरचा घोडा म्हातारा. त्याच्या बाबतींत मालकाचें मन हळवें झालेलें असतें, आणि तेथेंच चूक होते. घोडा वाळूं लागला, बरगड्या दिसूं लागल्या, कीं हरभरा वाढतो, गूळ येतो. प्रथम तोंड उघडून दांत पाहावे. घोड्याचे दांत वर्षाला दोन-तीन मिलिमीटर हिरड्यांतून वर सरकत असतात आणि तितकेच झिजतात; पंचविशी उलटल्यावर कित्येकांचे दांत संपतच येतात. त्याआधींहि त्यांना धारदार कंगोरे येऊन गाल सोलले जातात. गव्हाणीखालीं अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे पडलेले दिसले, तर घोडा उपाशी आहे तो चंदीवांचून नव्हे, चावतां येत नाहीं म्हणून. पशुवैद्याकडून दांत घासून घ्यावे. मग गवत बारीक कातरून, कोमट पाण्यांत भिजवून, त्यांत वाळलेली लसूणघास मिसळून लापशीसारखें द्यावें, आणि वर थोडें तेल घालावें. म्हाताऱ्या घोड्याच्या अंगावर उन्हाळ्यांतहि लांब केंस तसेच राहिले, तर मेंदूंतील एका ग्रंथीचा विकार संभवतो. अशा घोड्याला गूळ आणि धान्य म्हणजे पायांच्या त्याच भयंकर दाहाला आमंत्रण. गूळ हातांत घेऊन येणाऱ्या घरच्या माणसाला हें सांगणें सोपें नसतें. पण सांगावें लागतें.

मात्रा बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं हात पुरतो. डॉन हेनेकी यांनीं १९८३ सालीं अंगावरील मेदाचे १ ते ९ असे अंश ठरवून दिले. पांचव्या अंशाचा घोडा बरा. त्याच्या बरगड्या डोळ्यांना दिसत नाहींत, पण तळहात फिरविला कीं लागतात. दर पंधरा दिवसांनीं हात फिरवावा, आणि चंदींत बदल करावयाचा तो आठ-दहा दिवस घेऊन, मूठमूठ करावा. आंतड्यांतील जंतूंना नव्या अन्नाची संवय व्हावयास तेवढा वेळ लागतो. पाणी सदैव पुढें असावें. बसून असलेला घोडाहि पंचवीस-तीस लिटर पितो, आणि मुंबईच्या दमट उन्हांत काम करणारा त्याच्या दुप्पट. घोड्याचा घाम माणसाच्या घामाहून खारट, म्हणून मिठाचा खडा गव्हाणींत कायम ठेवावा.

माथेरानच्या मुलांना घोड्याला कांहीं द्यावयाचेंच असेल तर गाजर द्यावें. तें उभें, लांब चिरलेलें असावें. गोल चकत्या घशांत अडकतात. अश्वपालाला आधीं विचारावें, तो नको म्हणाला तर राहूं द्यावें, आणि हो म्हणाला तर गाजर सपाट तळहातावर ठेवून, आंगठा मिटून, पुढें करावें.